विषय क्रमांक तीन : गुणगौरव

विद्यापीठातल्या कर्मचारी परिषदेची कार्यसूची पाहिली तर गुणगौरवाचा विषय बहुधा तळाशी सापडतो, 'आयत्या वेळचे विषय' याच्या जेमतेम वर. तोवर सभेला दोन तास होऊन गेलेले असतात. वाहनतळ, वैद्यकीय बिलं, बदल्यांचं धोरण यांवर बोलून मंडळी थकलेली असतात, दुसऱ्या पाळीचे प्रतिनिधी कामावर निघून गेलेले असतात. गणपूर्ती उरली आहे की नाही हे कुणी मोजत नाही. मग 'गेल्या वर्षीप्रमाणे करावे' एवढ्या एका वाक्यात, वर्षभराच्या कामाचा मान कुणाला कसा द्यायचा हे मंजूर होऊन जातं. तोच अर्ज, तीच समिती, आणि पुष्कळदा त्याच दोन-तीन विभागांतली नावं.

हा विषय तिसरा यायला हवा. पहिला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा, कार्यवाही अहवाल. तिसरा, गुणगौरव. या विषयात समारंभाचा भाग थोडा आणि कारभाराचा मोठा असतो. कुणाचं काम कुणाला दिसतं, कोण कुणासाठी चार ओळी लिहितो, कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे सगळं त्यात उघडं पडतं. ज्या परिषदेला हे नीट जमतं तिला बाकीचे विषयही जमतात, कारण लागणारी हातोटी एकच: कुणी काय केलं ते अचूक लिहून ठेवणं.

आधी परिषदेची हद्द. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली ही सभा. तिचे अधिकार देशोदेशी वेगळे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांतल्या 'पर्सोनालराट'ला, म्हणजे कर्मचारी प्रतिनिधी मंडळाला, काही बाबतींत कायद्यानेच सहनिर्णयाचा हक्क आहे. अमेरिकेतली 'स्टाफ कौन्सिल' साधारणपणे सल्ल्यापुरती. पगाराची वाटाघाटी संघटनेकडे, वैयक्तिक तक्रार निवारणाच्या यंत्रणेकडे, आणि धोरणाबाबतचं म्हणणं परिषदेकडे, ही विभागणी परिषदेच्या नियमावलीच्या पहिल्याच पानावर हवी. ती नसली की एखाद्याची व्यक्तिगत तक्रार भर सभेत निघते, नावासकट इतिवृत्तात जाते, आणि पुढे चौकशी झालीच तर ती सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंचं नुकसान झालेलं असतं.

प्रतिनिधींच्या जागा हा पुढच्या सगळ्या न्याय-अन्यायाचा पाया. समजा, 600 कर्मचारी आहेत आणि 40 मागे एक जागा ठरवली. 15 जागा झाल्या. प्रशासकीय इमारतीत 280 माणसं, त्यांना 7 जागा सहज मिळाल्या. पण ग्रंथालयात 35, आरोग्य केंद्रात 12, मुद्रणालयात 9. यांना 'इतर' नावाच्या एका गटात कोंबलं जातं आणि तिथून जो निवडून येतो त्याला मुद्रणालयात शाई कुठून येते हेही ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक कामाच्या गटाला निदान एक जागा आणि कुठल्याही एका गटाला एकूण जागांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, असा दुहेरी नियम बरा. जागा दोन-तीन वाढतात, वाढू द्याव्यात. मुदत दोन वर्षांची ठेवून दरवर्षी अर्धे प्रतिनिधी बदलले की जुन्यांकडून नव्यांना काम कळतं.

सभेची वेळही राजकारण करते. दर महिन्याला सकाळी अकराला सभा ठेवली तर रात्रपाळी करून आलेल्या सुरक्षारक्षकाने झोप मोडून यायचं, आणि प्रयोगशाळा सहायकाने चालू प्रात्यक्षिक सोडून. तीनांतली एक सभा दुपारी उशिरा ठेवावी, आणि सभेचा वेळ कामाचाच धरला जाईल असं पत्र कुलसचिवांच्या कार्यालयातून प्रत्येक विभागप्रमुखाच्या नावे काढून घ्यावं. तोंडी परवानगीवर विसंबलेला प्रतिनिधी तिसऱ्या सभेपासून दिसेनासा होतो. त्याच्या वरिष्ठाने नाही म्हटलेलं नसतं, 'आज जरा गर्दी आहे' एवढंच म्हटलेलं असतं.

कार्यसूची सात दिवस आधी जावी, आणि प्रत्येक विषयापुढे लिहावं की तो माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी. निर्णयाचा विषय असेल तर ठरावाचा मसुदा सोबत जोडावा. सभेत शब्द जुळवत बसलं की अर्धा तास जातो आणि शेवटी इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं उमटतं. या वाक्यातून पुढे काहीही निघत नाही. ठरावात कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत हे तीन भाग हवेत. सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. मतं फुटली असतील तर आकडे हवेत. इतिवृत्ताचा मसुदा तीन दिवसांत फिरवावा, नाहीतर सचिवालाही कोण काय म्हणालं ते आठवत नाही. आणि एक साधी नोंदवही ठेवावी, पाच रकान्यांची: ठराव क्रमांक, ठराव, जबाबदारी, मुदत, सद्यःस्थिती. प्रशासनाकडून 30 दिवसांत लेखी उत्तर मागावं: मान्य, अंशतः मान्य, किंवा कारणासह अमान्य. कारणासह आलेला नकार उपयोगी असतो, त्यावर पुन्हा मांडणी करता येते. उत्तरच न येणं हे परिषदेला सर्वांत जास्त पोखरतं, कारण त्यानंतरच्या निवडणुकीत उमेदवार मिळत नाहीत.

आता गुणगौरव. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच मंचावर आल्यामुळे गोंधळ होतो. एक सेवाकालाचा सन्मान, 10, 20, 25 वर्षांचा. इथे निवड नाहीच. सेवापुस्तकातून यादी निघते. तरी सर्वांत जास्त मनं इथेच दुखावतात. गणना कोणत्या तारखेला धरायची, बिनपगारी रजा वजा करायची का, नियमित होण्याआधीची तात्पुरती वर्षं मोजायची का, हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून नियम छापावा, यादी समारंभाच्या 30 दिवस आधी सूचनाफलकावर लावावी आणि दुरुस्तीसाठी दहा दिवस द्यावेत. नावाचं शुद्धलेखन ज्याचं त्याच्याकडूनच तपासून घ्यावं. पंचवीस वर्षं एका ठिकाणी काढलेल्या माणसाच्या हाती चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र पडलं तर ते त्या वर्षांचा अपमान करतं. क्षमापत्र आणि नवी प्रत देऊन ते भरून येत नाही.

दुसरी गोष्ट उत्कृष्ट कार्याचा पुरस्कार. खरं कौशल्य इथे लागतं.

पहिली गाळणी नामांकनाच्या अर्जात बसलेली असते, निवड समितीच्या कितीतरी आधी. 500 शब्दांचं निवेदन, विभागप्रमुखाची शिफारस, तीन परिशिष्टं असा अर्ज ठेवला की स्पर्धा लिहिणाऱ्यांची होते. कुलगुरूंच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यासाठी असा अर्ज एका दुपारी तयार होतो. पाणीपुरवठा पाहणाऱ्या माणसासाठी तो कधीच भरला जात नाही. त्याच्या कामाला दाद देणाऱ्यांना लिहायची सवय नसते आणि ज्यांना असते त्यांना नळाला पाणी येतं इतकंच माहीत असतं. अर्जात तीनच प्रश्न ठेवावेत, प्रत्येकी फार तर 150 शब्द: या व्यक्तीने काय केलं? त्यामुळे कुणाचं काय बदललं? तुम्हाला हे कसं कळलं? आणि तोंडी नामांकन घेण्याची सोय असावी. नामांकन देणाऱ्याने प्रतिनिधीसमोर वीस मिनिटं बसायचं, त्याने बोलायचं, प्रतिनिधीने लिहायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. जिथे ही सोय होते तिथे अर्जांचा रंगच बदलतो, कारण सफाई, उद्यान, विद्युत, वसतिगृह इथली नावं पहिल्यांदा कागदावर येतात.

विभागप्रमुखाची शिफारस सक्तीची ठेवू नये. ज्याचं वरिष्ठाशी पटत नाही त्याचं काम आपोआप बाद होतं. आस्थापना विभागाकडून एकच उत्तर घ्यावं: शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित आहे का, होय की नाही. बाकी मत मागू नये. उमेदवाराची संमती मात्र घ्यावीच. मंचावर जायला नको असलेली माणसंही उत्तम काम करतात आणि त्यांचा नकार मानला पाहिजे.

अर्जात एक चौथा प्रश्न घालावा असं मला फार दिवसांपासून वाटतं: या व्यक्तीमुळे काय घडलं नाही? जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उणे 80 अंश सेल्सियसचे शीतकपाट असतात. त्यात कित्येक वर्षांचे नमुने ठेवलेले असतात. मागची जाळी धुळीने भरली, दाराच्या रबराशी बर्फ साचला, धोक्याची घंटा नादुरुस्त राहिली, की एखाद्या सुट्टीच्या रात्री तापमान चढतं आणि संशोधन वितळून जातं. अशा वेळी धावत येऊन नमुने दुसरीकडे हलवणारा सगळ्यांना दिसतो, त्याचं नामांकन येतं आणि यावंही. पण जो परिचर दर आठवड्याला बर्फ खरवडतो, महिन्याला जाळी साफ करतो, घंटा वाजवून पाहून नोंदवहीत सही करतो, त्याच्या प्रयोगशाळेत अशी रात्र येतच नाही. त्याच्याविषयी सांगायला गोष्टच तयार होत नाही. परीक्षा विभागात आसनक्रमांकांची यादी दोनदा ताडून पाहणारी लिपिक, लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊच नये म्हणून प्रत्येक पावतीला आदेश क्रमांक जोडणारा रोखपाल, हे याच जातीचं काम. ते शोधायचं तर समितीने नोंदवह्या मागवाव्यात: देखभालीच्या नोंदी, तक्रारींचा तीन वर्षांचा आकडा, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची संख्या. कागद बोलतात, विचारावं मात्र लागतं.

उपस्थितीचा पुरस्कार सगळ्यात सोपा म्हणून पुष्कळ ठिकाणी सुरू होतो, कारण आकडा यंत्रातून मिळतो. तो सुरू करू नये. अमेरिकेतल्या एका औद्योगिक धुलाई कारखान्यातल्या उपस्थिती पुरस्काराचा अभ्यास गब्लर, लार्किन आणि पियर्स यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला. पुरस्काराच्या पात्रतेत बसेपर्यंत काही जण वेळेवर येत, पात्रता गेली की पुन्हा पहिल्यासारखे. उशीर झाला तर नोंद लागू नये म्हणून त्या दिवशी आजारपणाची रजाच टाकत. आणि जे कामगार आधीपासूनच वक्तशीर होते, त्यांचं काम 6 ते 8 टक्क्यांनी घटलं. आपण मनापासून करत होतो ते इतरांनी बक्षिसासाठी करावं आणि मान त्यांना मिळावा, हे त्यांना लागलं. त्यात विद्यापीठाचं आणखी एक: असा पुरस्कार आजारी माणसाला, घरी रुग्ण असलेल्याला आणि प्रसूती रजेवर गेलेल्या बाईला दरवर्षी न चुकता वगळतो.

याचा अर्थ सन्मानाने काही होत नाही असा नव्हे. कोसफेल्ड आणि नेकरमान यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माहिती नोंदवण्याच्या कामासाठी (डेटा एन्ट्री) घेतलेल्या विद्यार्थ्यांना पैशाची जोड नसलेला, फक्त अभिनंदनाच्या कार्डाचा पुरस्कार जाहीर केला होता. तेवढ्याने त्या गटाचं काम सरासरी 12 टक्क्यांनी वाढलं. कार्डाची ताकद ते देणाऱ्याने काम पाहिलेलं आहे या विश्वासात असते.

निवड समिती पाच जणांची पुरे, त्यातले निदान दोघे प्रशासनाबाहेरच्या कामातले, आणि एक मागच्या वर्षीचा मानकरी. अर्जांवरची नावं, विभाग आणि पद झाकून सचिवाने क्रमांक द्यावेत. पूर्ण झाकणं जमत नाही, कामावरून माणूस ओळखू येतोच, तरी पदाचा दबदबा बराच उतरतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या गुणांकनात हेच दाखवलं होतं: वरिष्ठांनी बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण दिले, पण एकूण छाप चांगली पडली की सगळेच गुण एकत्र वर चढले. म्हणून निकष वेगळे काढून भागत नाही. एक निकष घेऊन सगळे अर्ज तपासावेत, मग दुसरा निकष. एकेक अर्ज सगळ्या निकषांवर तपासला की छाप पसरते. आणि 1 ते 5 मधल्या प्रत्येक गुणापुढे एक वाक्य हवं. '3 : नेमून दिलेलं काम उत्तम केलं. 5 : नेमून न दिलेली अडचण ओळखली आणि तिच्यावरचा उपाय इतरांनीही वापरला.' अशी वाक्यं नसतील तर एकाचा 3 हा दुसऱ्याचा 5 असतो.

गुणांची बेरीज करण्याआधी जरा थांबावं. उदाहरणापुरते तीनच परीक्षक आणि 100 पैकी गुण धरू. पहिल्याने 'अ'ला 82 आणि 'ब'ला 81 दिले, दुसऱ्याने 79 आणि 78, तिसऱ्याने 'अ'ला 60 आणि 'ब'ला 90. बेरीज केली तर 'ब' 249 आणि 'अ' 221. तिघांपैकी दोघांना 'अ' सरस वाटला असूनही 'ब' जिंकला, कारण तिसऱ्याने मोजपट्टी सढळ हाताने वापरली. हा कामाच्या दर्जाचा नव्हे, परीक्षकाच्या स्वभावाचा फरक आहे, आणि स्वभावाने निकाल ठरू नये. प्रत्येकाच्या गुणांचं त्याच्यापुरतं क्रमांकात रूपांतर करावं आणि क्रमांकांची बेरीज घ्यावी: 'अ'चे 1, 1, 2 असे 4, 'ब'चे 2, 2, 1 असे 5. कमी बेरजेचा 'अ' पुढे. फ्रान्समध्ये जाँ-शार्ल द बोर्दा याने 1770 मध्ये विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या मतमोजणीचं हेच तत्त्व. तिची कच्ची बाजूही जुनीच आहे: आपल्या माणसाचा तगडा प्रतिस्पर्धी मुद्दाम तळाला टाकता येतो. त्यावर उपाय म्हणजे गुणपत्रिका चर्चेआधी बंद पाकिटात घेणं, आणि ज्याच्या विभागातला अर्ज आहे त्या परीक्षकाने त्या अर्जापुरतं बाजूला होणं. तो बाजूला झाला की बेरजेऐवजी क्रमांकांची सरासरी घ्यावी, नाहीतर त्या अर्जाची बेरीज फुकट कमी होते. चर्चा फक्त तिथे करावी जिथे दोन परीक्षकांच्या मतांत मोठी तफावत आहे. बहुधा एकाने काहीतरी वाचलेलं असतं जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं असतं.

एकदा नाव झालं की पुढचे मानही त्याच नावाकडे वाहतात. विज्ञानातल्या श्रेयाबद्दल समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे 1968 मध्ये मांडलं, पण कार्यालयांतही ते तितकंच खरं. मानकऱ्याला पाच वर्षं पुन्हा पात्र धरू नये, आणि न निवडलेलं नामांकन आणखी दोन वर्षं जिवंत ठेवावं, नामांकन देणाऱ्याला त्यात भर घालू द्यावी.

मानपत्र हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. 'आपण कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, प्रामाणिक व हसतमुख आहात' हे वाक्य कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. विशेषणं काढून टाकावीत आणि काम लिहावं. उदाहरणार्थ: 'जुन्या हस्तलिखित गुणनोंदवह्यांची त्यांनी वर्ष आणि शाखेनुसार सूची केली, दुय्यम गुणपत्रिकेसाठी आठवडे थांबणाऱ्या विद्यार्थ्याला ती आता दोन दिवसांत मिळते.' कसोटी साधी आहे. नाव झाकून मानपत्र त्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावं. त्याने माणूस ओळखला तर मानपत्र जमलं. नाही ओळखला तर परत लिहावं. साठ ते सत्तर शब्द पुरेत. वाचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, मंचावर येणं आणि छायाचित्र धरून एका माणसाला दीड मिनिट. चाळीस मानकरी असले तर एक तास. पाहुण्यांची भाषणं या तासात बसत नाहीत. काही कमी करायचंच असेल तर भाषणं कमी करावीत, मानपत्रं नकोत.

पैशाच्या जोडीला किंवा पैशाऐवजी काय द्यावं, हे मानकऱ्यांनाच विचारलं तर पुष्कळदा शिकण्याची संधी मागितली जाते. काचकाम करणाऱ्या तंत्रज्ञाला दुसऱ्या विद्यापीठाच्या कार्यशाळेत आठवडाभर पाठवणं, ग्रंथालय परिचराला जुन्या कागदांच्या जतनाचा अभ्यासक्रम देणं. प्राध्यापकांना शैक्षणिक परिषदांना जाण्यासाठी प्रवासखर्च असतो. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना तो सहसा नसतो. रोख रक्कम द्यायची तर ती पगारातून जाते की वेगळी, कर कापला जातो का, हे लेखा विभागाकडून जाहीर करण्याआधीच लेखी घ्यावं. मंचावर जाहीर झालेल्या रकमेपेक्षा खात्यात कमी जमा झाली की सगळा आनंद लेखा विभागाच्या खिडकीपाशी संपतो.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना पत्र जायलाच हवं. 'आपली निवड झाली नाही' असं नको. 'आपल्या सहकाऱ्याने आपलं नाव सुचवलं होतं आणि आपल्याविषयी असं लिहिलं होतं', आणि खाली, लिहिणाऱ्याच्या परवानगीने, त्याचे शब्द. खर्च एका कागदाचा.

पाच वर्षांनी एक तक्ता करावा: कर्मचाऱ्यांतला वाटा, नामांकनांतला वाटा, पुरस्कारांतला वाटा, विभागवार आणि पाळीवार. देखभाल विभागात 30 टक्के माणसं आणि नामांकनं 5 टक्के, तर अर्जाची वाट बंद आहे. नामांकनं 30 टक्के आणि पुरस्कार 5 टक्के, तर निकष चुकीचे आहेत. दोन दुखणी वेगळी, औषधं वेगळी. तक्त्याशिवाय ती एकसारखीच दिसतात.

आणि कंत्राटी माणसं. सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, आता बऱ्याच ठिकाणी दूरध्वनी आणि संगणक देखभालसुद्धा. कंत्राटदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, माणूस तोच राहतो. बारा वर्षं एकाच इमारतीचं दार उघडणाऱ्या बाईची सेवा विद्यापीठाच्या हिशेबात शून्य आणि नव्या कंत्राटदाराच्या हिशेबात आठ महिने. तिला मत नाही, प्रतिनिधी नाही, नामांकनाचा अर्ज 'विद्यापीठाचे कर्मचारी' या दोन शब्दांवर अडतो. परिषदेने यात करण्यासारखं पुष्कळ आहे. पात्रतेच्या नियमात 'विद्यापीठाच्या आवारात सलग एक वर्ष काम करणारी कोणतीही व्यक्ती' असं लिहावं. सेवाकाल कंत्राटदाराकडून न घेता प्रवेशपत्रांच्या नोंदींवरून मोजावा. त्या नोंदी सुरक्षा विभागाकडे असतात आणि जुन्या नष्ट होण्याआधी त्यांची प्रत घ्यावी. आणि पुढची निविदा निघण्याआधी तिच्या अटींत एक कलम घालण्याचा ठराव करावा: परिषदेची सभा, नामांकनाची नोंद आणि गौरव समारंभ यांसाठी दिलेला वेळ कंत्राटदाराने पगारी धरावा, त्या दिवसाची मजुरी कापू नये. निविदेच्या अटी ठरतात तेव्हा हे कलम गेलं नाही, तर पुढचं कंत्राट संपेपर्यंत ते घालता येत नाही. म्हणून खरेदी विभागाचं वेळापत्रक आधी मागवावं आणि ठरावाची तारीख त्यावरून ठरवावी.